डोळ्यात दोष नव्हता

शीतल कुशीवर पडलेली होती. मी समोर उभी राहून एका हाताने तिची मान आणि दुसऱ्याने तिचे गुडघे धरले होते, आणि पोटातल्या बाळासारखं तिला वाकवून ठेवलं होतं. डॉक्टर तिच्या पाठीमागे बसून मणका चाचपत होते. सुई अजून टोचली नव्हती. तेवढ्यात तिची मान माझ्या हातात ताठ झाली. मला वाटलं, भ्यायली. "सैल सोड पोरी," मी म्हणाले. तिने सोडलं नाही. तिचे डोळे एका बाजूला गेले, दातखिळी बसली आणि सगळं अंग थडथडायला लागलं. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. तोवर आम्ही तिला खाटेवरून पडू दिलं नाही. त्या वेळी आमच्या हातात तेवढंच होतं.

तिची सासू दाराच्या फटीतून बघत होती. तिने हात जोडले आणि डोकं चौकटीला टेकवलं.

"देवी आली," ती म्हणाली. "घरी पण अशीच आली होती."

नवरात्र चालू होतं. डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. घरी झटका येऊन गेलाय, ही गोष्ट आम्हाला तेव्हा कळली. सकाळपासून ती कुणी सांगितली नव्हती. आजाराबद्दल विचारलं तर आजाराचं सांगायचं. देवीचं दवाखान्यात कोण सांगतं?

परभणीत मेंदूच्या आजारांच्या एका दवाखान्यात मी आयाचं काम करत होते. आता घरी आहे. आयाची कामं म्हणजे चादरी, भांडी, फरशी, हे सगळ्यांना माहीत असतं. एक काम कुणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे धरणं. मणक्यातलं पाणी तपासायला काढायचं असेल तर पेशंटने हलता कामा नये, आणि हलू नको म्हटलं की माणूस हलतोच. म्हणून समोरून कुणीतरी धरावं लागतं. माझे दंड जाड आहेत, आवाज मोठा आहे आणि दया येऊन माझा हात सैल पडत नाही. लोक म्हणतात, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो. मी इतक्यांना धरलं, पण पाणी काढल्याने कुणी लुळं झालेलं पाहिलं नाही. लुळे होऊन आलेले मात्र पुष्कळ पाहिले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नसांचं जे सांगते ते डॉक्टर नव्या नर्सना शिकवायचे तेव्हा ऐकलेलं आहे. मेंदूच्या बुडाशी नसांच्या बारा जोड्या असतात. नजर, डोळा फिरवणं, पापणी, चेहरा, ऐकणं, गिळणं, जीभ, अशी कामं त्यांनी वाटून घेतलेली आहेत. एक बंद पडली की तिचं काम बंद. डोळा आत वळतो, नाहीतर तोंड वाकडं होतं, नाहीतर पापणी पडते. म्हाताऱ्या माणसाचं असं झालं तर बऱ्याचदा बीपी किंवा साखर निघते. तरण्याचं झालं तर खणावं लागतं. डोक्यातला टीबी, कानातला पू, गाठ, मार, काहीही असतं. आणि बंद पडलेली नस समोर दिसते, पण तिला बंद पाडणारं कधी कधी भलतीकडे बसलेलं असतं.

तपासणी बघणाऱ्याला खेळासारखी वाटते. कपाळाला आठ्या घाला, डोळे गच्च मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, जीभ बाहेर काढा. एका नव्या सुनेने सासऱ्यासमोर दात दाखवायला नकार दिला. सासऱ्याला बाहेर काढलं तेव्हा दाखवले. पेशंटसोबत आलेली माणसं बाहेर काढणं हेही माझंच काम. डॉक्टर एकच प्रश्न पेशंटला एकट्याला विचारायचे, मग सासरच्यांना वेगळं, माहेरच्यांना वेगळं. तिघांची उत्तरं तीन यायची. त्यातून खरं काय ते डॉक्टर ठरवायचे. मी फक्त कुणाला चहाला पाठवायचं, कुणाला सलाईन आणायला पाठवायचं ते बघत होते. पुरुष चहाला लगेच जातात. बायका जात नाहीत, त्यांना काम सांगावं लागतं.

एक नवरदेव आला होता. साखरपुडा तोंडावर आणि तोंडच वाकडं. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळालं तेव्हा त्याला कळलं. गावात कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं करणी, मुलीकडच्यांना कळू नये म्हणून त्याला मफलर गुंडाळून आणलं होतं. उन्हाळा होता. डॉक्टरांनी त्याला आठ्या घालायला सांगितल्या. अर्ध्या कपाळाला पडल्या, अर्ध्याला नाही. हे चांगलं म्हणे. मेंदूत बिघाड असता तर दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या. कपाळही बंद म्हणजे बिघाड नशीत. मग कान पाहिला, कानामागे पाहिलं, साखर पाहिली. काहीच निघालं नाही. सगळं शोधून काही सापडलं नाही की त्या आजारालासुद्धा एक नाव आहे, ते इंग्रजी आहे. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायला थेंब दिले, रात्री डोळ्यावर पट्टी सांगितली. त्याच्या मामाने विचारलं, "फोटूत सरळ यील का?" डॉक्टर म्हणाले, हसू नको म्हणावं, म्हणजे येईल. साखरपुड्यात नवरदेव गंभीर आहे म्हणून मुलीकडचे खूश झाले. पुढे तोंड सरळ झालं. आता हसतो.

दुसरी एक कॉलेजची मुलगी होती. तिची एक पापणी दुपारनंतर खाली यायची. मास्तर म्हणायचे, वर्गात झोपते. आई म्हणायची, मोबाइल बघते. डॉक्टरांनी मला बर्फ आणायला पाठवलं. दवाखान्यातला संपलेला, म्हणून मी समोरच्या रसवंतीवर गेले. रसवाला म्हणाला, किती ग्लास? मी म्हणाले, पापणीसाठी पाहिजे. त्याने पुढे काही विचारलं नाही, रुमालात बांधून दिला. दवाखान्यासमोर धंदा करणारा माणूस काही विचारत नाही. पापणीवर बर्फ धरला, काढला, आणि पापणी वर आली. आई म्हणाली, मग हिला रोज बर्फ लावू का? डॉक्टर म्हणाले, बर्फ हे औषध नाही, ती परीक्षा होती. नस चांगली आहे, नशीचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, असा तो आजार. मुलगी आधी मास्तरांचं नाव घेऊन म्हणाली, आता त्यांना कोण सांगणार. मग रडली.

आणि एक बाळंतीण आली होती, फार मागे, परभणीत एमआरआयची मोठी मशीन नव्हती तेव्हा. ओली बाळंतीण, म्हणून घरच्यांनी तिला पाणी तोडलं होतं. पोट सुटतं, दूध पातळ होतं, असं काही. बंद खोली आणि खाली शेक. डोकं दुखलं, एक डोळा आत वळला, मग शुद्ध गेली. डॉक्टरांना संशय होता, पण दाखवायला काही नव्हतं. तिला मोठ्या शहरात न्यायला सांगितलं. गाडी मिळेपर्यंत ती गेली. त्यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

आता शीतल. वय बाविशीच्या आसपास, माहेर चुडाव्याचं, सासर गंगाखेडच्या पुढच्या एका खेड्यात. लग्नाला दुसरं वर्ष. सोबत नवरा आणि सासू द्रौपदाबाई. नवरा उसाच्या फडातून तसाच आला होता. बोलायचं काम सासूकडे होतं.

"चार दिस झालं डोकं दुखायलंय म्हणती. उपासाचं पित्त असंल म्हणलं. मग दोन दोन दिसायलेत म्हणली. चष्म्यावाल्याकडं नेलं, तर तो म्हणला नंबरच न्हाई."

शीतल पदराने डावा डोळा झाकून बसली होती. डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाली, दोन तवे दिसतात, मग एक डोळा झाकून भाकरी टाकते, त्याने हात भाजत नाही. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. बाहेर जातच नव्हता. डॉक्टरांनी बॅटरीने डोळ्याच्या आत पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. त्यांनी दोनदा पाहिलं की मला कळायचं. डोळ्यामागे सूज होती. म्हणजे डोक्यात दाब वाढलेला. सूज उतरली नाही तर नजर जाणार होती, आणि दाब वाढत राहिला तर नजरेचं दुखणं उरणारच नव्हतं.

डोळा बाहेर ओढणारी नस लांब आणि बारीक असते. डोक्यात कुठेही दाब वाढला की ती सापडते. चोर पळून जातो आणि वाटेत उभा असलेला धरला जातो, तसं. म्हणून डोळ्यात दोष नव्हता, नशीतही नव्हता. दाब कशाने वाढला तेवढं शोधायचं होतं. साधं स्कॅन केलं, त्यात काही नाही. आमच्याकडे तरण्या पोरीला डोकेदुखी आणि वाकडा डोळा म्हटलं की पहिला संशय टीबीचा. म्हणून पाणी काढायचं ठरलं. म्हणून मी तिला धरलं, आणि ती माझ्या हातात ताठ झाली.

इंजेक्शनने झटका थांबला. शीतल घोरायला लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी आता नाही काढायचं. ते बाहेर आले. औषधं काय चालू होती, हे त्यांनी नवऱ्याला विचारलं. काही नाही. सासूला विचारलं. काही नाही, कधी क्रोसिनची गोळी. सकाळी शीतललाही विचारलं होतं, तिनेही नाही म्हटलं होतं. या वेळी तिन्ही उत्तरं एक आली, म्हणून डॉक्टरांनी ती खरी मानली असती. पण पोरीला दिवस गेलेत का तेही बघावं लागतं. लघवी तपासली. दिवस नव्हते. पाळी मात्र, नवऱ्याच्या सांगण्यावरून, श्रावणानंतर आलीच नव्हती. तेही त्याने भिंतीकडे बघून सांगितलं.

"दिवस नाहीत, मग पाळी का नाही?" डॉक्टर मला म्हणाले. "मावशी, तुम्ही त्यांच्याशी बोला. मी विचारलं तर त्या पदर तोंडाला लावतात."

द्रौपदाबाई बाकावर बसून जप करत होत्या. मी शेजारी बसले.

"सुनेची पाळी का आली न्हाई वो?"

"यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "घट उठूस्तोर येऊ द्यायची न्हाई. गोळी चालू हाय."

"मगाशी तर गोळी न्हाई म्हणलात."

"ती औषधाची गोळी न्हाई. पाळी लांबवायची. त्याला काय औषध म्हणत्यात?"

एवढं अभिमानाने सांगत होत्या. महालक्ष्म्या बसायच्या आधी सुरू केली. महालक्ष्म्यांना सोवळ्यातला स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, सगळं सुनेच्या अंगावर. बाहेर बसली तर कोण करणार? महालक्ष्म्या उठल्या, मग पितरांचं जेवण आलं. मग घट बसले. मधे गोळी थांबवली की पाळी नेमकी घटात येणार, म्हणून थांबवलीच नाही. मेडिकलवाल्याला नुसतं गोळीचं रिकामं पाकीट दाखवलं की देतो. आणि घटात ती पोर नवसाचा उपवास करत होती, दिवसभरात घोटभर पाण्यावर. देवीपुढच्या दिव्याकडे बघून म्हणाली होती, "आत्या, दिवा एकच लावलाय ना?" सासूने त्याचा अर्थ चांगला लावला. संध्याकाळी आरतीला ती थडथडत खाली पडली तेव्हा तर शंकाच राहिली नाही. गावातल्या बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं. एकीने विचारून घेतलं, मुलाला नोकरी लागेल का.

"मग काय म्हणली देवी?" मी विचारलं.

"काही बोलली न्हाई. नुसता फेस आणला."

मी उठून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत. फक्त शिरांचं एमआरआय करायला पाठवलं. त्यात निघालं. मेंदूतलं वापरलेलं रक्त ज्या मोठ्या शिरेतून खाली उतरतं, ती शीर गुठळीने बंद झाली होती. शेताची चारी गाळाने तुंबली की पाणी वावरात पसरतं, तसा मागे दाब चढत होता. ती गोळी रक्त घट्ट करते, उपवासाने ते आणखी घट्ट. प्रत्येकीचं होत नाही. म्हणूनच बायका घेत राहतात.

आता भांडण सुरू झालं. शीतलचा बाप चुडाव्याहून आला होता. त्याने विहिणीला बघितल्याबरोबर विचारलं, "इहीणबाई, माझ्या पोरीला काय चारलं?"

द्रौपदाबाईंनी जप थांबवला. "पाव्हणं, ही गोळी पहिल्यांदा कुणी दिली ते इचारा तुमच्या मालकिणीला. लगनाची तारीख पाळीवर आली म्हणून तुमच्याच घरात दिली. मला तर तुमच्या लेकीनंच नाव सांगितलं."

बाप खाली बसला. त्याला ते माहीत नव्हतं. पुरुषांना ही गोष्ट माहीत नसते. ताटावर बसायचं तेवढं माहीत असतं. माझ्या तरुणपणी गोळ्या नव्हत्या. आम्ही बाहेर गोठ्याजवळ बसायचो, लांबून पाणी वाढायचे, कुत्र्यासारखं वाटायचं. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण गोठ्याजवळ बसून डोक्यात रक्त गोठत नाही.

डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं: रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यावं लागेल. मेंदूला सूज आहे, थोडं रक्त पाझरलंही आहे, त्यामुळे द्यायला धोका आहे. न द्यायला जास्त आहे. बाप म्हणाला द्या. नवरा आईकडे बघत राहिला. द्रौपदाबाई म्हणाल्या, घट उठायला थोडे दिवस राहिलेत, तोवर सलाईनवर ठेवा. इंजेक्शन घेऊन नवसाचा उपवास मधेच मोडला तर देवी कोपेल.

मी तिथे बोलायला नको होतं, पण बोलले. "बाई, पोर मेली तर सुतक पडंल. सुतकात घट कसा उठवताल?"

द्रौपदाबाईंनी पदर खोचला. मला वाटलं आता शिवी येते. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "दे म्हणाव इंजेक्शन. माझ्याकडं काय बघायलास?"

इंजेक्शन पोटात द्यायचं असतं. दिलं. संध्याकाळी शीतलला पुन्हा झटका आला, पहिल्यापेक्षा मोठा. डॉक्टर खुर्ची घेऊन खाटेजवळच बसले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना ती बाळंतीण आठवत होती. पुढे काही दिवस ती हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. मी तिला कुशीवर वळवायचे, पाठ पुसायचे, तोंडात कापसाने पाणी फिरवायचे. द्रौपदाबाई खाटेजवळ उभ्या राहायच्या. त्यांनी गावाकडे निरोप पाठवून शेजारणीला दिव्यात तेल घालायला सांगितलं होतं. शेजारीण विधवा होती, तिचं एरवी चाललं नसतं. चाललं.

एका दुपारी मी चादर बदलत होते तेव्हा शीतल स्पष्ट म्हणाली, "मावशी, दोघी बी तुमीच का?"

"एकच हाय," मी म्हणाले. "दुसरीला पगार न्हाई."

ती हसली. हसताना तोंड सरळ होतं. मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं की पेशंट बोलायलीय.

डोळा सावकाश बाहेर आला. दिवाळी झाल्यावर तपासायला आली तेव्हा बोटाच्या मागे जवळजवळ शेवटपर्यंत जात होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या घरी चालू होत्या, त्यासाठी रक्त तपासायला यावं लागायचं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, पाळी लांबवायची गोळी आयुष्यात पुन्हा नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर हे आधी सांग. मला त्यांनी तेव्हापासून एक काम जास्तीचं दिलं. भादव्यात आणि नवरात्रात डोकं दुखतं म्हणून कुणी बाई आली की मी शेजारी बसून विचारायचं: औषधाची नसलेली गोळी कोणती घेता? असं विचारलं की सांगतात. त्यानंतर आणखी काहीजणी सापडल्या. एक उशिरा सापडली.

पुढच्या वर्षी भादव्यात शीतल सासूबरोबर तपासणीला आली. डॉक्टर आत होते, म्हणून आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, यंदा महालक्ष्म्या कुणी मांडल्या?

"मीच," द्रौपदाबाई म्हणाल्या. "ही नेमकी बाहेर बसली."

"तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"लय झाली."

"मग मागल्या साली तुमीच का न्हाई मांडल्या?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "सून असताना सासू मांडती का कुठं?"

शीतल खिडकीकडे बघत होती. आतून तिचं नाव पुकारलं आणि ती एकटी उठून गेली. तिला उजव्या डोळ्याने सगळं दिसतं, डाव्याने कडेचं नीट दिसत नाही, आणि रस्ता ओलांडताना तिला मान जास्त वळवावी लागते. ती जगली.